जाहिरात छापली तरी नोटीस, बातमी छापली तरी नोटीस

गेल्या अंकात भिशी आणि ठेवींच्या फसवणुकीवर चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात टपालाचा रंगच पालटला. एरवी माझ्याकडे वाटणीपत्र, सोसायटीतली गळती आणि भाडेकरूचं डिपॉझिट हेच येतं. या वेळी एका संपादकाचं पत्र आलं आणि त्याच्या मागोमाग वर्तमानपत्रांवर चिडलेल्या वाचकांची. म्हणून हा महिना त्यांना दिला. गळतीवाल्यांनी राग मानू नये, पावसाळ्याआधी त्यांना उत्तर मिळेल. नावं मी छापत नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहेच.

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार. कळव्याहून माझं आठ पानी साप्ताहिक एकवीस वर्षं निघतंय. मी, सून आणि एक अर्धवेळ मुलगा एवढाच स्टाफ. तीन दिवाळ्यांपूर्वी इथल्या एका सराफी पेढीच्या गुंतवणूक योजनेची पूर्ण पानाची रंगीत जाहिरात आम्ही पुरवणीत छापली. त्याच पुरवणीत पेढीच्या मालकांची मुलाखतही होती. यंदा पेढीनं परतावा थांबवला. लोक कागद घेऊन आमच्याकडे आले आणि मी पहिल्या पानावर बातमी लावली. आठ दिवसांत पेढीच्या वकिलाची नोटीस आली, सात दिवसांत माफी छापा नाहीतर पाच कोटींचा दावा. त्यानंतर चार दिवसांनी आर्थिक गुन्हे शाखेचं पत्र आलं, जाहिरातीचे कागद घेऊन हजर राहा आणि बातमीतली माहिती कोणी दिली तेही सांगा. जाहिरात छापली म्हणून मी गुन्हेगार आणि बातमी छापली म्हणूनही मीच? वय ६३. रात्री झोप येत नाही. – एक संपादक, कळवा

उत्तर : संपादक महोदय, पत्रासोबत पुरवणी, तो अंक, जाहिरातीचं बिल आणि दोन्ही नोटिशींच्या झेरॉक्स पाठवल्यात, हे फार बरं केलंत. कोर्टनाक्यावरच्या माझ्या टेबलावर पाचही कागद शेजारी शेजारी मांडले. तुम्ही दोन गोष्टी म्हणता, पण त्या तीन आहेत. जाहिरात, बातमी आणि मधली ती मुलाखत. तुमची झोप पहिल्या दोघींनी उडवलीय. मी तुमच्या जागी असते तर माझी तिसरीनं उडवली असती.

आधी घरची एक गोष्ट सांगते. वडिलांचा खारकर आळीत छापखाना होता. एक ट्रेडल म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, अक्षरांच्या खिळ्यांच्या केसेस, आणि दाराशी खिळ्याला टांगलेलं ऑर्डर बुक. मी शाळेत असताना एक माणूस दामदुप्पट योजनेची दोन हजार हँडबिलं छापून घेऊन गेला. वर्षभरात तो नाहीसा झाला आणि एका सकाळी तीस-चाळीस माणसं आमच्या दारात उभी राहिली. हँडबिलावरचा योजनेचा पत्ता खोटा निघाला होता. खरा पत्ता एकच, तळाशी बारीक टायपात असलेला आमच्या छापखान्याचा. तेव्हाच्या १८६७ च्या कायद्यानं छापील कागदावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण घालावंच लागे. आईनं घाबरून दार लावून घेतलं. वडिलांनी ते उघडलं, ऑर्डर बुक बाहेर आणलं आणि त्या माणसाची सही, तारीख, घेतलेली आगाऊ रक्कम सगळ्यांना दाखवली. मग तेच बुक काखेत मारून ते पोलिसांकडे गेले. आमचे पैसे तुम्ही भरा, असं त्यांना कोणी म्हणालं नाही. हँडबिलांचं बिल किती झालं होतं, हे मात्र प्रत्येकानं विचारलं. वडिलांनी प्रत्येकाला सांगितलं.

तुम्हालाही मी तेच सांगणार आहे. ज्या जागेचे पैसे घेतलेत, तिचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत द्या. ज्या जागेचे घेतले नाहीत, तिथं पेढीला, पोलिसांना किंवा सरकारला सहजासहजी हात घालू देऊ नका.

जाहिरातीपासून सुरुवात करू. टाटा प्रेस आणि एमटीएनएल यांच्यात यलो पेजेसवरून, म्हणजे जाहिरातींच्या टेलिफोन डिरेक्टरीवरून, खटला झाला, त्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जाहिरातही भाषणस्वातंत्र्यात बसते असं म्हटलं. जाहिरातवाले हे वाक्य फ्रेम करून लावतात. पण त्याच निकालात फसव्या आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला सरकार आवर घालू शकतं, हेही आहे. आणि सरकारनं तो घातला आहे. १९७८ च्या प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन, म्हणजे बक्षीस चिठ्ठ्या आणि साखळी योजना, बंदी कायद्यात तर अशा योजनेचा मजकूर असलेल्या वर्तमानपत्राच्या सगळ्या प्रतीच राज्य सरकारला जप्त करता येतात. मला हे कलम कधीच आवडलं नाही. अशा योजनेची जाहिरात पाचव्या पानावर आणि जप्ती आठही पानांची, म्हणजे पहिल्या पानावरची पालिकेच्या टेंडरची बातमीही गोणीत जाणार. उंदीर मारायला घर जाळण्यातला प्रकार.

त्यापेक्षा २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा शहाणा आहे. अनियंत्रित म्हणजे कुठल्याही नियामकाकडे नोंद नसलेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून कोर्टात सगळे त्याला ‘बड्स’ म्हणतात. वर्तमानपत्रात अशा योजनेची जाहिरात किंवा ठेवी ओढणारा मजकूर आला, तर सरकार त्या पत्राला संपूर्ण आणि प्रामाणिक खुलासा छापायला सांगू शकतं. फुकट, आणि त्याच जागी. जाहिरात पूर्ण पान रंगीत होती तर आतल्या पानात कोपऱ्यातली चार ओळींची दिलगिरी चालणार नाही. कायदे लिहिणाऱ्यांनी वाचकाचा विचार केल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला क्वचितच दिसतं. ज्या आजोबांनी ती जाहिरात कापून कपाटात ठेवली, त्यांच्या डोळ्यांसमोर खुलासा यायचा तर तो तेवढाच मोठा हवा.

दंडाचं काय? २०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्यानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या प्रकाशकालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण नेहमीच्या धंद्याच्या ओघात जाहिरात छापली असेल तर प्रकाशकाला बचाव आहे. ती जाहिरात मागे घेण्याचा आदेश निघालाय हे माहीत असूनही छापली, तर तो बचाव जातो. तीन दिवाळ्यांपूर्वी या पेढीविरुद्ध कुठलाही आदेश नव्हता, असं तुमच्या कागदांवरून दिसतं. तेव्हा रिलीज ऑर्डर म्हणजे जाहिरात छापण्याची लेखी मागणी, बिल, बँकेत जमा झाल्याची नोंद आणि एजन्सीला दिलेलं कमिशन, सगळं एका फायलीत लावा आणि तपास अधिकाऱ्याला द्या. पोच घ्या. यात लपवण्यासारखं काही नाही.

आता मुलाखत. पुरवणीच्या चौथ्या पानावर पेढीचे मालक देवघरासमोर बसलेले, मथळा ‘विश्वासाची तीन पिढ्यांची परंपरा’, आणि तिसऱ्याच परिच्छेदात ‘वर्षाला १८ टक्के’. वर कुठंही ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ हा शब्द नाही. खाली मात्र ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. तुम्ही पाठवलेल्या बिलाच्या झेरॉक्सवर एकच ओळ आहे : ‘रंगीत पान १ + मजकूर अर्धे पान’. मजकूर अर्धे पान! अहो, तुमच्या सुनेनं प्रामाणिकपणे जे बिलात लिहिलं ते तुम्ही पानावर लिहिलं नाहीत.

पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा, बोभाटा २००९ च्या निवडणुकांनंतर झाला, वर्तमानपत्रांच्या आचारावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं २०१० मध्ये त्यावर अहवालही काढला. पण ती बातमी नेत्यांची होती म्हणून आपल्याला ते राजकारण्यांचं पाप वाटतं. सराफाची मुलाखत तीच जात. २०१९ च्या ठेव कायद्यात, जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करून कोणाला अशा योजनेत पैसे गुंतवायला लावणं हाही गुन्हा आहे. ‘जाणूनबुजून’ हा शब्द तुम्हाला वाचवेल असं मला वाटतं, कारण तुम्हालाही ती पेढी चांगलीच वाटत होती. तुमच्या व्याह्यांनीच तिथं पैसे ठेवलेत, हे पत्राच्या समासात लिहिलंयत ते वाचलं. पण आधी वृत्तपत्रस्वातंत्र्याची ढाल पुढे करून नंतर बिलाची झेरॉक्स काढाल, तर कोणी ऐकणार नाही. बातमीदाराचं कवच त्या अर्ध्या पानाला लागू होत नाही, कारण ते विकलेलं होतं.

माझा सल्ला तुम्हाला आवडणार नाही. सरकारच्या आदेशाची वाट न पाहता पुढच्या अंकात चौकट छापा, की अमुक तारखेच्या पुरवणीतली ती मुलाखत पैसे घेऊन छापली होती, रक्कम इतकी, तसं तिथं लिहायला हवं होतं. रक्कम छापा. तुमच्या बातमीला वजन येईल ते त्यानंतर. मात्र छापण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा, कारण चौकशी चालू असताना छापलेला प्रत्येक शब्द पुढे पुराव्यात येतो.

बातमीकडे येते. बातमी मला आवडली, हे आधी सांगते. अकरा तक्रारदारांचे कागद तुमच्याकडे आहेत, बंद शटरचा तारखेसह फोटो आहे, आणि छापण्याआधी मालकांना दोन फोन आणि एक व्हॉट्सॲप केलंत, ज्यावर निळ्या खुणा आल्या पण उत्तर नाही. बदनामीच्या कलमात, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या ३५६ मध्ये, पहिलाच अपवाद आहे : विधान खरं असेल आणि ते प्रसिद्ध होणं लोकहिताचं असेल, तर ती बदनामी नाही. लोकांचे अडकलेले पैसे हे लोकहित नाही तर काय? शिवाय हा अदखलपात्र गुन्हा. पेढीला स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करावी लागेल. दिवाणी दावा करायचा तर मुदत एक वर्ष. आणि पाच कोटींचा दावा लावायला कोर्ट फी भरावी लागते, नोटिशीत आकडा टाकायला काही लागत नाही.

घोटाळा आहे तो मथळ्यात. आतला मजकूर जबाबदारीचा आणि वर सहा कॉलमी ‘महाठग सराफाचा कोट्यवधींचा गंडा’. महाठग हा निकाल झाला आणि तो द्यायला अजून कोर्ट बसलेलंही नाही. ‘परतावा थांबला, अकरा जणांची तक्रार’ असा मथळा दिला असतात तर समोरच्या वकिलाला नोटिशीचं दुसरं पान भरायला मजकूर मिळाला नसता. माफी मागू नका. त्या एका शब्दाबद्दल पुढच्या अंकात दुरुस्ती छापा, पेढीची बाजू त्यांच्याच शब्दांत छापा, आणि नोटिशीला सात दिवसांच्या आत उत्तर पाठवा. नोटिशीचं पाकीट फेकू नका, पोस्टाचा शिक्का लागतो.

असल्या आकड्यांनी घाबरलेले तुम्ही पहिले नाहीत. राष्ट्रीय शेअर बाजारानं ‘मनीलाइफ’ या अर्थविषयक प्रकाशनावर शंभर कोटींचा दावा लावला होता. ९ सप्टेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी लिखाण थांबवण्याची मागणी फेटाळली आणि उलट बाजारालाच एकूण ५० लाखांचा खर्च बसवला. ‘मनीलाइफ’चे पत्रकार देबाशीष बसू आणि सुचेता दलाल यांना दीड-दीड लाख, उरलेले ४७ लाख रुग्णालयांना. अलीकडचा निकाल मार्च २०२४ चा, ब्लूमबर्ग आणि झी यांचा. खटला चालण्याआधीच लेख हटवायला लावणारा आदेश सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला आणि असे अंतरिम मनाई हुकूम सहज देऊ नयेत असं खालच्या न्यायालयांना बजावलं. तुमच्या उत्तरात या दोन्हींचा उल्लेख करायला वकिलांना सांगा.

शेवटी पोलिसांचं पत्र. तुम्ही दुसऱ्या ओळीपासून वाचलंत, मी पहिली वाचली, कारण कलम तिथं असतं. नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ९४ असेल तर कागद मागितलेत. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. ३५(३) असेल तर संशयित म्हणून, मग वकिलाशिवाय पाऊल टाकायचं नाही. तुमच्या पत्रावर ९४ आणि १७९ आहेत. हुश्श करा. आणि १७९ खाली साठीच्या पुढच्या माणसाला पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही, त्यांनी तुमच्या घरी येऊन विचारायचं. चहा द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

माहिती कोणी दिली, या प्रश्नावर मात्र खोटा दिलासा देत नाही. पत्रकाराला सूत्र न सांगण्याचा हक्क आपल्याकडे १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात आहे, तोही फक्त कौन्सिलपुढे. पोलिसांपुढे किंवा कोर्टापुढे नाही. विधी आयोगानं १९८३ मध्येच पुरावा कायद्यात तशी तरतूद करा म्हणून अहवाल दिला होता. पुरावा कायदा जाऊन २०२४ मध्ये साक्ष्य अधिनियम आला, तरतूद आली नाही. तेव्हा लेखी उत्तरात दोन भाग वेगळे ठेवा. जाहिरातीचे आणि मुलाखतीचे सगळे कागद सोबत जोडतो. बातमीचा अंक जोडतो, ज्या तक्रारदारांनी नाव द्यायला लेखी संमती दिली त्यांची नावं देतो, उरलेल्यांनी विश्वासानं सांगितलं, कोर्टानं विचारलं तर कोर्टाला उत्तर देईन. तुमच्या बातमीत पेढीतल्याच कोणीतरी हिशेबाची वही दाखवल्याचं वाक्य आहे. तो माणूस कोण हे मला कळवू नका. पत्रातसुद्धा नाही.

प्रश्न : निवृत्त आहे. एका मोठ्या दैनिकातली जाहिरात पाहून चार लाख गुंतवले, ते बुडाले. दैनिकावर केस करून वसूल होतील का? – एक वाचक, वाशी

उत्तर : दैनिकाकडून चार लाख मिळतील, असं सांगून तुमच्याकडून फी घेणारे वकील भेटतील. मी त्यातली नाही. वर लिहिलेला ‘धंद्याच्या ओघातला’ बचाव ते घेतील आणि बहुधा तो टिकेल.

तुमचे पैसे योजनेवाल्याच्या मालमत्तेतून यायचे आहेत. त्यासाठी १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी. आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार नोंदवा, सक्षम प्राधिकारी नेमला गेला की तिथं दाव्याचा अर्ज भरा. मालमत्ता जप्त होऊन, विकून, वाटप व्हायला वर्षं लागतात, हे मनाशी धरा. जाहिरातीचं कात्रण नुसतं कापलेलं नको, तारीख आणि पान दिसणारं अख्खं पान ठेवा. एजंटनं ‘पेपरात आलंय, वाचा’ म्हणून पाठवलेला मेसेज असेल तर तो आणखी मोलाचा. यापुढे पैसे ठेवण्याआधी रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर कंपनीचं नाव घालून पाहा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, तोही त्याच तासात.

प्रश्न : ६ जानेवारी २०२५ ला दादरला टोरेस या परतावा थांबवलेल्या गुंतवणूक योजनेच्या शोरूमसमोर गर्दी झाली, तेव्हा आम्हाला कळलं. आमच्या नवी मुंबईतही त्यांची शाखा होती. पेपरवाले आधी झोपले होते का? आणि फसव्या योजनांबद्दल जे काही छापायचं ते आधी पोलिसांनी तपासून मगच छापावं, असा कायदा का करत नाहीत? म्हणजे खोट्या जाहिरातीही थांबतील आणि खोट्या बातम्याही. – एक संतापलेला वाचक, पाचपाखाडी

उत्तर : तुमचा संताप रास्त आहे, उपाय घातक. आठवड्याला परतावा देणारी योजना चालू असते आणि पैसे वेळेवर मिळत असतात, तेव्हा तक्रारदारच नसतो. त्या दिवसांत ‘हे बुडणार’ असं लिहायला एखाद्याच बातमीदाराकडे हिशेब आणि छाती असते. त्याला पोलिसांकडून आधी शिक्का आणायला लावलात, तर शिक्का मिळेपर्यंत शटर पडलेलं असेल. पोलिसांकडे गुन्हाच नोंदलेला नाही, ते कशाच्या आधारावर ‘छापा’ म्हणतील?

हर्षद मेहताचं प्रकरण २३ एप्रिल १९९२ ला सुचेता दलाल यांनी छापलं तेव्हा मेहता हे बाजाराचं दैवत होतं. त्या दिवशी कुणा अधिकाऱ्याची परवानगी लागती तर बातमी कधी आली असती, याचा अंदाज तुम्हीच करा. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलंय की बदनामी होईल या भीतीनं सरकारी अधिकारी प्रकाशन आधीच रोखू शकत नाहीत, छापून आल्यावर काय तो दावा करावा. जाहिरातीचं वेगळं आहे. तिथं पैसे घेणाऱ्यानं आधी योजनेची नोंदणी कुठं आहे ते विचारावं, असा नियम कोणी केला तर मी टाळ्या वाजवीन.

प्रश्न : ऐरोलीत दारोदार एक पाक्षिक फुकट येतं. प्रत्येक अंकात एकाच बिल्डरची स्तुती आणि त्याच्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या सोसायट्यांची टवाळी. हे कोणाचं आहे ते शोधायचं कसं? आणि धंदेवाल्यांनी पेपर काढण्यावर बंदी का नाही? – एक गृहिणी, ऐरोली

उत्तर : शेवटच्या पानाचा तळ बघा. ‘मुद्रक, प्रकाशक, मालक यांनी अमुक ठिकाणी छापून तमुक ठिकाणी प्रसिद्ध केलं’ ही प्रिंट लाइन. वडील सगळा अंक जुळवून झाला की ती शेवटी स्वतः जुळवायचे आणि म्हणायचे, मजकूर चुकला तर शुद्धिपत्र, ही चुकली तर कचेरी. ती नसेल किंवा पत्त्यात नुसतं ‘ऐरोली, नवी मुंबई’ असेल, तर तेवढ्यावरच तक्रार करता येते. घरी २०२४ च्या आधीचा मार्चचा अंक पडलेला असेल तर शोधा. १९५६ च्या नियमांप्रमाणे फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात ‘फॉर्म ४’ छापावा लागे आणि त्यात एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या प्रत्येकाचं नाव-पत्ता असे. कोणी वाचत नाही अशी ती कंटाळवाणी चौकट. मला विचाराल तर वर्षातला सर्वांत वाचनीय मजकूर.

१ मार्च २०२४ पासून १८६७ चा कायदा जाऊन नियतकालिकांचा २०२३ चा नवा कायदा आला. जिल्हाधिकारी कचेरीत डिक्लेरेशनसाठी रांग लावायची पद्धत गेली, सगळं प्रेस रजिस्ट्रार जनरलच्या पोर्टलवर. शीर्षक तिथं शोधा. मालक कंपनी निघाली तर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरून तिचे संचालक आणि वार्षिक विवरण पाहता येतं. शंभरातल्या तीसेक वेळा त्या यादीत बिल्डरचा मेहुणा सापडतो. (हा आकडा माझ्या अनुभवाचा, छापील नाही.)

आता बंदी. परदेशी पैशाला बातमीच्या छापील माध्यमात २६ टक्क्यांची वेस आहे, डिजिटल बातम्यांनाही २०१९ पासून तेवढीच. गावातल्या बिल्डरला, ठेवी गोळा करणाऱ्याला किंवा पुढाऱ्याला वेस नाही. २०१४ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार आणि प्रसारण नियामकानं, राजकीय पक्ष आणि कॉर्पोरेट मालकीवर मर्यादा आणायची शिफारस केली, ती कागदावरच आहे. नव्या कायद्यानं दहशतवादी कृत्य, बेकायदा कारवाया किंवा राज्याच्या सुरक्षेविरुद्धच्या कृत्याबद्दल शिक्षा झालेल्याला नियतकालिक काढता येत नाही. फसवणुकीबद्दल शिक्षा झालेल्याला येतं. वाचून मीही चष्मा पुसला होता.

याचं काय होतं ते आपण पाहिलंय. एप्रिल २०१३ मध्ये बंगालमध्ये शारदा समूह कोसळला, तेव्हा ठेवीदारांबरोबर त्याच समूहाच्या वाहिन्यांतले आणि वर्तमानपत्रांतले पत्रकारही एका रात्रीत रस्त्यावर आले. आपल्याकडे समृद्ध जीवनचे महेश मोतेवार यांना फसवणुकीच्या आरोपावरून डिसेंबर २०१५ मध्ये अटक झाली, त्यांच्या समूहाकडे ‘लाइव्ह इंडिया’ आणि ‘मी मराठी’ या वाहिन्या होत्या. ठेवी गोळा करणाऱ्याला वाहिनी कशाला लागते? एजंटाच्या हातात छापील पत्रकापेक्षा टीव्हीचा लोगो जड पडतो, म्हणून.

तरी मी सरसकट बंदीच्या बाजूनं नाही. कारण पुण्याचं ‘सकाळ’. १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश असा होता, की पेपरच्या किमतीवरून पानं किती ते सरकार ठरवणार. हेतू सांगितला होता गोड, मोठ्यांची मक्तेदारी मोडून छोट्यांना जगवायचं. ‘सकाळ’ कोर्टात गेला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा मोडीत काढला, एकाचा आवाज वाढवायला दुसऱ्याचा कापता येणार नाही म्हणून. मालक कोण असावा हे ठरवायची चावी सरकारला दिली की ती चावी पहिल्यांदा तुमच्या बिल्डरच्या कुलपाला लागेल, असं समजू नका. कळव्याच्या त्या संपादकाच्या कुलपाला आधी लागेल. २०१० मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकानं, काढलेली वाट मला जास्त पटते. त्या वेळी काही माध्यम कंपन्या जाहिरातींच्या बदल्यात कंपन्यांचे शेअर घेत, मग त्याच कंपन्यांच्या बातम्या देत. सेबीनं शेअर घेऊ नका असं म्हटलं नाही. त्या कंपनीची बातमी देताना आपला वाटा किती ते सांगा, असं म्हटलं. तुमच्या पाक्षिकानंही प्रत्येक स्तुतिपर लेखाखाली ‘या प्रकल्पाच्या बिल्डरचे आमच्यात इतके टक्के’ असं छापावं. तेवढं सक्तीचं झालं तरी अंक दारात घेताना तुम्ही तो वेगळ्या नजरेनं घ्याल.

प्रश्न : मी घणसोलीत यूट्यूबवर स्थानिक बातम्यांचं चॅनेल चालवतो. ९ हजार सबस्क्रायबर आहेत. एका योजनेवाल्यानं व्हिडिओसाठी पैसे देऊ केलेत. दुसऱ्यानं स्वतःविरुद्धचा व्हिडिओ न टाकण्यासाठी. माझी नोंदणी कुठंच नाही. काय करू? – एक तरुण, घणसोली

उत्तर : पहिले पैसे घेतलेत तर व्हिडिओवर ‘सशुल्क’ असं लिहावं लागेल आणि दावा खोटा निघाला तर ग्राहक कायद्यानं जाहिरात करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलंत तर ५० लाखांपर्यंत. योजना ठेवींची असेल तर घेऊच नका.

दुसरे पैसे समोरून आले म्हणून ते स्वच्छ होत नाहीत. घेतलेत आणि उद्या त्यानं ‘धमकावून नेले’ म्हणून तक्रार दिली, तर न्याय संहितेचं ३०८, खंडणी. ठाण्याच्या कोर्टात अशी प्रकरणं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येकात आरोपी पहिल्या तारखेला ‘मी पत्रकार आहे’ असंच म्हणतो. त्या माणसाचा देऊ केलेल्या रकमेचा मेसेज जपून ठेवा, तुमच्याकडे असलेली खरी बातमी तीच आहे. त्याची बाजू विचारा आणि व्हिडिओ टाका.

नोंदणीचं म्हणाल तर छापील नियतकालिकांचा कायदा तुम्हाला लागत नाही. डिजिटल बातम्यांना २०२१ चे आयटी नियम आहेत. त्यांतल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, पण माहिती मंत्रालयाला आपला तपशील कळवण्याचा नियम वेगळा आहे, तो अर्ज भरून टाका. आणि चॅनेलवर स्वतःचं नाव आणि पत्ता घाला. फोटोत तुमच्या स्कूटरवर मोठा ‘प्रेस’ स्टिकर दिसतोय. तो काढलात तरी चालेल, त्यानं पार्किंगसुद्धा मिळत नाही.